सिद्धांताची खालची हद्द



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या नावाला शोभेल असा विषय निवडावा, आणि निवडताना श्रोत्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींच्या उजळणीत त्यांचा वेळ खर्ची घालू नये, अशा दुहेरी हेतूने मी आजचा प्रश्न आपल्यापुढे मांडीत आहे. पदार्थविज्ञानाचे जे सिद्धांत आपण मूलभूत म्हणून मानतो, ते अतिसूक्ष्म अंतरांवर, म्हणजे अणूच्या आत, अणुगर्भाच्या आत, आणि त्याच्याही आत जेथवर कल्पना उतरेल तेथवर, पूर्णपणे निर्दिष्ट करता येतात काय? सिद्धांत खरे आहेत काय, असे मी विचारीत नाही. सिद्धांत खरा की खोटा हा वाद प्रयोगशाळेत सुटतो. परंतु सिद्धांत पुरता सांगितला गेला आहे की नाही, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि विसाव्या शतकातील सर्वांत समर्थ बुद्धिमंतांपैकी पुष्कळांना त्याने आयुष्यभर अस्वस्थ ठेवले आहे.

हा प्रश्न आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. न्याय-वैशेषिकांनी परमाणूच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला तो आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल : पदार्थाचे अवयव पाडण्याची क्रिया कोठेच थांबत नाही असे मानले, तर मेरुपर्वताचेही अवयव अनंत आणि मोहरीच्या दाण्याचेही अवयव अनंत, आणि मग मेरू व मोहरी यांच्या परिमाणात भेद राहण्याचे कारण उरणार नाही, यास्तव विभाजनाला कोठेतरी अंत असला पाहिजे. अनंत बेरजांचे गणित अवगत असलेल्या आजच्या विद्यार्थ्याला या युक्तिवादातील उणीव दाखविता येईल. परंतु त्याच्या मुळाशी असलेली जाणीव मात्र कसदार आहे. लहानाच्या दिशेने आपण अखंड जात राहिलो तर मोठ्याविषयीचे आपले बोलणेच निरर्थक होण्याचा संभव असतो, ही ती जाणीव. आणि १९३० च्या सुमारास युरोपातील भौतिकीवेत्त्यांपुढे नेमके हेच संकट उभे राहिले.

तत्पूर्वी ‘पूर्ण निर्देश’ म्हणजे काय ते निश्चित करून घेऊ. कागदावर एखादे सुबक समीकरण लिहिले म्हणजे सिद्धांत निर्दिष्ट झाला असे नव्हे. सिद्धांताने असा नियम हाती दिला पाहिजे की, भरपूर वेळ, भरपूर कागद आणि अथक चिकाटी असलेल्या कोणाही मनुष्याला, किंवा यंत्राला, त्या सिद्धांताच्या कक्षेतील कोणत्याही प्रश्नाचे उत्तर हव्या तितक्या अचूकतेने काढता यावे, आणि वाटेत त्याला स्वतःच्या मर्जीने कोणताही निर्णय घ्यावा लागू नये. उत्तर काढणे अवघड असले तरी चालेल, शंभर वर्षे लागली तरी चालेल. परंतु उत्तर कोणते हे नियमानेच ठरलेले असले पाहिजे. एवढीच मागणी आहे. ती पुरी होते काय?

अभिजात भौतिकीतच पहिली ठेच लागली होती. लोरेंट्झ आणि आब्राहाम यांनी इलेक्ट्रॉन म्हणजे विद्युत्भाराचा एक इवलासा गोळा अशी कल्पना केली. परंतु गोळा जितका लहान मानावा तितकी त्याच्या स्वतःच्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा वाढते, आणि त्रिज्या शून्य केली की ती ऊर्जा अनंत होते. बिंदुरूप इलेक्ट्रॉन हवा तर त्याचे वस्तुमान अनंत, आणि सांत वस्तुमान हवे तर इलेक्ट्रॉनला आकार हवा, अशी ही कोंडी होती. पुंजयामिकी आली तेव्हा ती हे दुखणे बरे करील अशी आशा होती. ती फोल ठरली. १९३० मध्ये ओपेनहायमर यांनी अणूतील ऊर्जापातळ्यांवर इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या क्षेत्राचा परिणाम किती हे काढावयास घेतले, तेव्हा उत्तर अनंत आले; १९३४ मध्ये व्हाइसकोप्फ यांनी ही अनंतता पूर्वीपेक्षा पुष्कळ सौम्य, केवळ लॉगरिथमच्या मंद गतीने वाढणारी आहे असे दाखविले, पण सौम्य झाली तरी ती अनंतताच.

यानंतरचा जो प्रसंग आहे तो मला थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण आजच्या साऱ्या प्रश्नाचे बीज त्यात आहे. जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ शेल्टर आयलंड नावाच्या बेटावर मोजक्या शास्त्रज्ञांची एक परिषद भरली. तेथे विलिस लँब यांनी आपल्या प्रयोगाची हकिकत सांगितली : हायड्रोजनच्या ज्या दोन ऊर्जापातळ्या डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे तंतोतंत एकच असावयास हव्यात, त्यांच्यात सुमारे एक हजार मेगासायकल कंप्रतेइतका फरक आहे. फरक अगदी लहान, पण निःसंशय सांत. आणि सिद्धांत तर म्हणतो की तो अनंत असला पाहिजे! परिषद आटोपून हान्स बेथे आगगाडीने स्केनेक्टडीला निघाले आणि त्या प्रवासात त्यांनी हिशोब मांडला. क्रॅमर्स यांनी त्याच परिषदेत सुचविलेली कल्पना त्यांनी उचलली : आपण मोजतो ते इलेक्ट्रॉनचे वस्तुमान त्याच्या स्वतःच्या क्षेत्रासह असलेले वस्तुमान होय, तेव्हा मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत येणारी अनंतता बद्ध इलेक्ट्रॉनच्या अनंततेतून वजा केली पाहिजे. एवढे करूनही बेरीज लॉगरिथमच्या गतीने वाढतच होती. म्हणून त्यांनी ती इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानऊर्जेपाशी सरळ तोडली. उत्तर आले १०४० मेगासायकल.

बेथे यांनी बेरीज तोडली! कशाच्या आधारावर तोडली? त्या मर्यादेपलीकडे काय घडते हे त्यांना ठाऊक होते म्हणून नव्हे, तर ते काहीही असले तरी या उत्तरावर त्याचा परिणाम नगण्य असला पाहिजे, या अंतःप्रेरणेच्या आधारावर. पुढील दोन वर्षांत श्विंगर, फाइनमन, डायसन, आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानात स्वतंत्रपणे काम करणारे तोमोनागा, यांनी या अंतःप्रेरणेला पद्धतीचे रूप दिले. पुनःसामान्यीकरण हे तिचे नाव. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि त्याचा भार हे दोन अंक प्रयोगातून घ्यावेत, अनंतता त्या दोन अंकांत विलीन कराव्या, आणि मग उरलेली सारी उत्तरे सांत येतात. या पद्धतीने काढलेले इलेक्ट्रॉनचे चुंबकीय परिबल आज प्रयोगाशी सुमारे एक लक्ष कोटी भागांत एका भागाइतक्या अचूकतेने जुळते. मनुष्याने लिहिलेल्या अन्य कोणत्याही सिद्धांताची इतकी कठोर परीक्षा झाली असेल, असे मला वाटत नाही.

मग काम संपले काय? संपले नाही. १९५२ मध्ये डायसन यांनीच असा युक्तिवाद केला की, ही उत्तरे देणाऱ्या ज्या श्रेणीची एकेक पदे आपण इतक्या श्रमाने काढीत आहोत, ती श्रेणी शेवटपर्यंत बेरीज करू गेल्यास कोणत्याही निश्चित संख्येकडे जाणार नाही. आरंभीची पदे लहान होत जातात, आणि पुढे कोठेतरी ती मोठी होऊ लागतात. म्हणजे श्रेणीतील काही थोडी पदे हा सिद्धांताचा निर्देश होऊ शकत नाही. ती एका अशा गोष्टीची सन्निकट किंमत आहे की जी गोष्ट स्वतः कोणी सांगितलेलीच नाही. आणि १९५४ मध्ये मॉस्कोहून लांडाऊ, आब्रिकोसोव्ह व खालात्निकोव्ह यांचा याहून मोठा आघात आला. इलेक्ट्रॉनच्या भोवतालचे रिक्त अवकाश वस्तुतः रिक्त नसते. त्यात क्षणजीवी युग्मे उद्भवतात व ती त्या भारावर आवरण घालतात. म्हणून दुरून भार लहान दिसतो, आणि जवळ जावे तसा मोठा. हे खरेच आहे : विद्युत् आंतरक्रियेच्या बळाचा जो अंक साध्या अणूत सुमारे १३७ मध्ये १ असतो, तो झेड कणाच्या ऊर्जेपाशी सुमारे १२८ मध्ये १ झालेला प्रयोगांत आढळतो. लांडाऊंनी विचारले, असेच जवळ जवळ जात राहिलो तर? तर एका सांत अंतरावरच भार अनंत होतो, आणि त्याच्या आत सिद्धांत बोलेनासा होतो. अंतर शून्यापर्यंत न्यावयाचे असा हट्ट धरला, तर मात्र दुरून दिसणारा भार शून्य मानावा लागतो. सिद्धांत सुसंगत राहतो, परंतु त्यात काहीच घडत नाही. लांडाऊ यांचा निष्कर्ष असा होता की क्षेत्रसिद्धांताची ती सारी पद्धतीच आता मृत झाली असून तिला सन्मानाने निरोप द्यावा.

केवळ इलेक्ट्रॉनच विचारात घेतला तर हे संकट ज्या ऊर्जेला उद्भवते ती इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानऊर्जेच्या एकावर सुमारे २८० शून्ये इतक्या पटीने अधिक आहे. कोणी म्हणेल, इतक्या दूरची चिंता आज कशाला? पण आपला प्रश्न सोयीचा नाही, तत्त्वाचा आहे. जो सिद्धांत स्वतःच्या मुखाने सांगतो की अमुक अंतराच्या आत मला अर्थ नाही, तो मूलभूत कसा म्हणावा?

या प्रश्नाला ज्यांनी वेगळेच वळण दिले ते केनेथ विल्सन. १९७१ पासून पुढे त्यांनी जी दृष्टी दिली, तिला १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती आपल्याकडील महसुली मोजणीच्या दाखल्याने सांगतो. जुन्या मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी तेहतीस फुटांच्या साखळीने होई, आणि साखळीचे सोळा आणे पडत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो एक गुंठा. आण्याहून लहान असे बांधाचे वाकडेतिकडेपण, धोंडे, खळगे, हे नकाशात उतरत नसत. पण म्हणून सर्व्हे नंबराचे क्षेत्र खोटे ठरत नसे, कारण त्या बारकाव्यांचा जो काही एकत्रित परिणाम व्हावयाचा तो दप्तरात नोंदलेल्या एकरगुंठ्यांच्या आकड्यात सामावलेला असे. आता साखळी बदलून अधिक बारीक माप घेतले, तर बांधाच्या लांबीचा आकडा बदलेल, आणि कोणत्या मापाला कोणता आकडा हे सांगणारा फेरफाराचा नियम बांधता येईल. विल्सन म्हणतात, भौतिकीचा प्रत्येक सिद्धांत असाच एका साखळीसह येतो. वस्तुमान, भार हे निसर्गाचे एकदाच ठरलेले आकडे नव्हेत. ते त्या त्या मापाचे आकडे आहेत, आणि माप बदलताना ते कसे बदलतात तो फेरफाराचा नियम हेच खरे ज्ञान. ज्या अनंततांनी दोन पिढ्यांना छळले, त्या साखळीची लांबी शून्य मानण्याच्या घाईतून उत्पन्न झाल्या होत्या.

हा विचार इतका समाधानकारक आहे की आज पुष्कळ भौतिकीवेत्ते त्यातच विश्रांती घेतात. ते म्हणतात, सर्व सिद्धांत आपापल्या हद्दीपुरते खरे; हद्दीखाली काय आहे याची चौकशी करण्याचे कारण नाही. माझे मत येथे वेगळे आहे, आणि ते मी स्पष्टपणे सांगतो. विल्सन यांनी हद्दीचे अस्तित्व दाखविले. हद्दीखालच्या प्रश्नाला त्यांनी मनाई केली नाही. किंबहुना फेरफाराचा नियम हाती आल्यावर आता प्रत्येक सिद्धांताला नावानिशी विचारता येते : तुझी साखळी शून्यापर्यंत नेली तर तू टिकतोस काय? आणि निरनिराळे सिद्धांत निरनिराळी उत्तरे देतात, हीच या साऱ्या प्रकरणातील अत्यंत मनोवेधक गोष्ट आहे.

प्रबल आंतरक्रियेचे, म्हणजे प्रोटॉनच्या आतील घटकांना बांधून ठेवणाऱ्या बलाचे, उत्तर प्रथम घ्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डच्या दीर्घ प्रवेगकावर प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता, प्रोटॉनच्या आतील घटक, म्हणजे क्वार्क, जवळून पाहिल्यास जणू परस्परांशी संबंध नसल्यासारखे वागतात असे आढळले. डेव्हिड ग्रोस यांनी तेव्हा जो संकल्प केला तो लांडाऊंच्या मताला धरूनच होता : कोणताही क्षेत्रसिद्धांत असे वर्तन दाखवू शकत नाही हे सिद्ध करावयाचे, आणि क्षेत्रसिद्धांताचा अध्याय मिटवावयाचा. एकेक प्रकार निकालात निघत गेला, आणि शेवटी उरला यांग-मिल्स यांचा प्रकार. १९७३ मध्ये ग्रोस व त्यांचे विद्यार्थी विल्चेक यांनी, आणि स्वतंत्रपणे पोलिट्झर यांनी, हिशोब पुरा केला तो नेमका उलट निघाला! तेथे जवळ जावे तसे बल क्षीण होते. या बलाचे वाहक ग्लुऑन हे स्वतःच त्याचा भार, म्हणजे रंगभार, वाहत असल्यामुळे त्यांचे आवरण भार झाकत नाही, पसरविते. साखळी जितकी बारीक करावी तितका सिद्धांत सोपा होत जातो, आणि शून्य अंतरापाशी तो पूर्ण मोकळा होतो. ज्याला शेवटच्या टोकाला काहीच आश्चर्य शिल्लक नाही असा हा सिद्धांत.

आणि म्हणून त्याचा निर्देशही करता येतो. १९७४ मध्ये विल्सन यांनी अवकाश व काल यांच्या ठिकाणी बिंदूंची एक चौमित जाळी कल्पिली, क्वार्क बिंदूंवर आणि ग्लुऑन त्यांना जोडणाऱ्या रेषांवर ठेवले, आणि सिद्धांताचे रूपांतर एका सांत, निःसंदिग्ध बेरजेत केले. जाळी बारीक करीत जावे आणि उत्तर कोठे स्थिरावते ते पाहावे. वाटेत मर्जीने ठरविण्याजोगे काही उरत नाही. २००८ पर्यंत या पद्धतीने प्रोटॉन व त्याच्या भाईबंदांची वस्तुमाने काही थोड्या टक्क्यांच्या अचूकतेने निघाली. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांची वस्तुमाने एकत्र केली तरी प्रोटॉनच्या वस्तुमानाचा अवघा एक टक्का भरतो. बाकी सारे वस्तुमान, म्हणजे या सभागृहाचे, तुमचे व माझे बहुतेक सर्व वजन, ग्लुऑन-क्षेत्राच्या व क्वार्कांच्या गतीच्या ऊर्जेचे आहे, हे त्या जाळीवरील हिशोबाने पटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या जाळीच्या गणिताची परंपरा अनेक वर्षे चालत आली आहे, ही आपल्याला समाधानाची गोष्ट होय. गणितज्ञांच्या कडक अर्थाने मात्र येथेही सिद्धता बाकी आहे : जाळी शून्याकडे नेल्यावर मर्यादा अस्तित्वात असते, आणि तिच्यात सर्वांत हलक्या कणाला शून्याहून अधिक वस्तुमान असते, हे सिद्ध करणाऱ्यास क्ले संस्थेने २००० मध्ये दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले, ते अद्याप कोणी नेलेले नाही. परंतु उत्तर होकारार्थी आहे याविषयी भौतिकीवेत्त्यांना सहसा शंका नाही.

आता हिग्ज क्षेत्राकडे वळू. ४ जुलै २०१२ रोजी जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने ज्या कणाची घोषणा केली, त्याचे क्षेत्र स्वतःशीच आंतरक्रिया करते. अशा क्षेत्राचा सर्वांत साधा नमुना ग्लिम व जॅफी यांनी दोन व तीन मितींच्या अवकाशकालात पूर्णपणे, गणिताच्या कसोटीने, बांधून दाखविला होता. चार मितींत काय? चाराहून अधिक मितींत जाळी बारीक करीत गेल्यास आंतरक्रिया विरून जाते, हे आयझेनमान व फ्रोलिश यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केले. आणि आपण राहतो त्या चार मितींचा नेमका प्रश्न सुमारे चाळीस वर्षे तसाच राहून २०२१ मध्ये आयझेनमान व द्युमिनिल-कोपँ यांनी सोडविला. उत्तर नकारार्थी आहे. जाळी शून्यापर्यंत नेली की कण परस्परांना न शिवता निघून जातात. लांडाऊंनी १९५४ मध्ये जे विद्युत्भाराविषयी तर्काने सांगितले, तेच या नमुन्याविषयी पूर्ण सिद्धतेने ठरले. म्हणजे हिग्ज क्षेत्र एकटे घेतले तर ते शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. त्याच्या हद्दीखाली दुसरे काहीतरी असलेच पाहिजे. १२५ जीईव्ही हे त्या कणाचे वस्तुमान मध्यम असल्यामुळे ती हद्द जवळपास कोठे दिसत नाही, एवढेच. तो कण बराच अधिक जड निघाला असता, तर हद्द आपल्या उंबरठ्याशीच असती.

परंतु मला विचाराल तर सर्वांत खोल अडचण अनंततेची नाही, डाव्या-उजव्याची आहे, आणि तिच्याविषयी सामान्य वाचकांच्या कानी फारच थोडे पडते. १९५६ मध्ये ली व यांग यांनी शंका काढली, आणि लगेच वू यांनी कोबाल्टच्या प्रयोगाने ती खरी करून दाखविली, की किरणोत्सारामागील दुर्बल आंतरक्रिया डावे व उजवे यांना सारखे लेखीत नाही. तिच्या रूपाचा अचूक निर्णय १९५७ मध्ये जॉर्ज सुदर्शन यांनी आपले गुरू मार्शाक यांच्यासह केला. हे सुदर्शन रॉचेस्टरला जाण्यापूर्वी काही वर्षे मुंबईच्या टाटा संस्थेत होते. गतीच्या दिशेच्या संदर्भात कणाचे स्वतःभोवतीचे फिरणे डावे असू शकते किंवा उजवे. आणि निसर्गाचा हा दुर्बल हात डाव्यालाच धरतो, उजव्याला शिवतही नाही.

हा नियम जाळीवर कसा लिहावा? आणि येथेच सारे अडते. डावा कण जाळीवर ठेवला की जाळीच्या रचनेमुळेच त्याची प्रतिबिंबे उद्भवतात. चार मितींत एकाच्या ठिकाणी सोळा होतात, आणि त्यांतील निम्मे डावे तर निम्मे उजवे. कोणी म्हणेल, जाळीची मांडणी बदला. १९८१ मध्ये नील्सन व निनोमिया यांनी सिद्ध केले की काही अगदी रास्त अटी पाळणारी कोणतीही जाळी घ्या, डाव्याला उजवा जोडीदार मिळाल्यावाचून राहत नाही. या सिद्धतेमागे अपघात नाही, अर्थ आहे. डाव्या कणांचा सिद्धांत मुळातच फार नाजूक असतो : त्यातील भारांच्या काही विशिष्ट बेरजा शून्य आल्या नाहीत तर सिद्धांत विसंगत होतो. आपल्या विश्वात त्या शून्य येतात. तीन रंगांच्या क्वार्कांचे विद्युत्भार आणि इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो यांचे भार एकत्र करून पाहा. दोन-तृतीयांशातून एक-तृतीयांश वजा करून तिप्पट केली की एक, आणि इलेक्ट्रॉनचा उणे एक. जमाखर्च चोख जुळतो. जी जाळी हा जमाखर्च न पाहताच कोणताही डावा सिद्धांत उभा करू देईल ती खोटी असली पाहिजे. आणि जी तो पाहील ती कशी बांधावी, हे पूर्णांशाने अद्याप कोणी बांधून दाखविलेले नाही.

प्रयत्न मात्र मोठे झाले. १९९२ मध्ये डेव्हिड कॅप्लन यांनी एक पाचवी मिती कल्पून तिच्या एका काठावर डावा व दुसऱ्या काठावर उजवा कण बसविला. त्या दशकाच्या अखेरीस नॉयबर्गर व ल्यूशर यांनी पुढची मजल गाठली, आणि विद्युत्भारासारख्या साध्या भारांच्या बाबतीत ल्यूशर यांची रचना तडीस गेली. प्रत्यक्ष दुर्बल आंतरक्रियेची रचना त्याहून गुंतागुंतीची आहे. तेथे सर्वमान्य नियम नाही. याचा अर्थ काय होतो, तो शांतपणे ध्यानात घ्या. ज्याला आपण मूलकणांचा प्रमाण सिद्धांत म्हणतो, ज्याच्या समीकरणांनी पाठ्यपुस्तके भरली आहेत, त्या सिद्धांताची संपूर्ण व्याख्या, म्हणजे यंत्राला देऊन ‘हे विश्व चालवून दाखव’ असे म्हणता येईल असा नियम, आपल्यापाशी नाही. श्रेणीची आरंभीची पदे आहेत, आणि ती प्रयोगाशी जुळतात. पण ती कशाची पदे आहेत?

मघाशी मी ज्या विश्रांतीविषयी बोललो, तिच्याविरुद्ध माझे म्हणणे आता अधिक नेमके करता येईल. ‘पुरते सांग’ या मागणीला निसर्गाने ज्या ज्या वेळी नकार दिला, त्या त्या वेळी त्या नकारातून काही ना काही ठोस हाती आले आहे. फेर्मी यांनी १९३४ मध्ये दिलेला किरणोत्साराचा सिद्धांत काही शे जीईव्ही ऊर्जेपाशी असंभव उत्तरे देऊ लागतो. तो आपली हद्द स्वतःच सांगत होता, आणि १९८३ मध्ये सर्न येथे डब्ल्यू व झेड हे कण सापडले ते ८० व ९१ जीईव्हीपाशी, त्या हद्दीच्या आतच. ग्रोस यांची हकिकत मी सांगितलीच. कॅप्लन यांची पाचवी मिती डाव्या कणांचा प्रश्न पुरता सोडवू शकली नाही, पण प्रबल आंतरक्रियेच्या आजच्या अनेक हिशोबांत ती नित्य वापरात आहे. हद्दीपाशी स्वस्थ बसणाऱ्याला यांपैकी काय मिळाले असते?

शेवटी गुरुत्वाकर्षण. आजच्या सर्वांत मोठ्या प्रवेगकाने आपण मीटरचे एकावर एकोणीस शून्ये इतके भाग करून त्यांतील एका भागापर्यंत पाहू शकतो. प्लांक यांनी १८९९ मध्ये ज्या लांबीचा निर्देश केला ती एकावर पस्तीस शून्ये इतक्या भागांपैकी सुमारे दीड भाग आहे. एका मिलिमीटरपासून आजच्या मर्यादेपर्यंत आपण जितके खाली उतरलो, तितकेच आणखी एकवार उतरावे तेव्हा ती लांबी येते. आइनस्टाइनच्या सिद्धांताला पुनःसामान्यीकरण लागू करण्याचे प्रयत्न झाले : १९७४ मध्ये ’ट होफ्ट व फेल्टमान यांनी पहिली पायरी तपासली, तेथे पदार्थविरहित गुरुत्व कसेबसे निभावले, १९८५ मध्ये गोरॉफ व सान्योत्ती यांनी दुसरी पायरी तपासली, तेथे ते कोसळले. खाली जावे तसे नवे नवे अंक प्रयोगातून मागावे लागतात, आणि त्या मागणीला अंत नाही. वाइनबर्ग यांनी आशा दाखविली की कदाचित अगदी तळाशी सर्व अंक एका स्थिर बिंदूपाशी येऊन थांबत असतील. तिच्यावर आजही काम चालू आहे. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांना जी नवी चले दिली, त्यांतून अवकाशाचे क्षेत्रफळच सुट्या पुंजांत येते असे मानणारा पंथ निघाला; आणि पुण्याच्या आयुकात दीर्घकाळ कार्य केलेले पद्मनाभन हे प्लांक लांबीला निसर्गातील किमान अंतर मानण्याचे परिणाम कित्येक वर्षे तपासीत राहिले.

परंतु या साऱ्यांहून जुना एक युक्तिवाद आहे. लेनिनग्राडच्या मात्वेय ब्रॉनस्टाइन या तरुणाने १९३६ मध्ये दाखविले की गुरुत्वक्षेत्र हव्या तितक्या अचूकतेने मोजता येणे तत्त्वतःच अशक्य आहे, कारण त्यासाठी लागणारे मोजमापाचे साधन इतके जड व इतके लहान असावे लागते की ते स्वतःच्याच गुरुत्वात गडप होते. दोन वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्तालिनच्या राजवटीने त्याला गोळी घातली. त्याच्या विचाराचे आजचे रूप असे : अधिक लहान अंतर पाहावयास अधिक ऊर्जा लागते, प्लांक लांबीच्या आत पाहावे इतकी ऊर्जा एका ठिकाणी आणली की तेथे कृष्णविवर होते, आणि ऊर्जा आणखी वाढविली की कृष्णविवर लहान होत नाही, मोठे होते. म्हणजे लहानाच्या दिशेने टाकलेले पाऊल मोठ्याकडे पडू लागते. अन्य आंतरक्रियांना आपण विचारीत होतो की साखळी शून्यापर्यंत नेली तर काय होते. येथे साखळी शून्यापर्यंत नेताच येत नाही.

मग गुरुत्वाचा पूर्ण निर्देश कोठे करावयाचा? १९९७ मध्ये मालदासेना यांनी एक उत्तर सुचविले, ज्याला सिद्धता नाही पण ज्याच्या असंख्य तपासण्या उत्तीर्ण झाल्या आहेत. एका विशिष्ट प्रकारे उलट वक्र असलेल्या विश्वात गुरुत्वाचा सारा व्यवहार त्या विश्वाच्या दूरच्या कडेवर असलेल्या, गुरुत्वविरहित अशा यांग-मिल्स पद्धतीच्या सिद्धांतात लिहिलेला असतो. आणि त्या कडेवरच्या सिद्धांताचे बल अंतरागणिक बदलतच नाही, त्यामुळे त्याला लांडाऊंचा आक्षेप लागू होत नाही. तळाचा निर्देश तळाशी नाही, कडेवर आहे! परंतु १९९८ मधील अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांनी दाखविले की आपले विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावत आहे. त्याची वक्रता त्या प्रकारची नाही, आणि तशी कडही त्याला नाही. आपल्या विश्वाच्या गुरुत्वाचा निर्देश कोणत्या ठिकाणी लिहावा, आणि दुर्बल आंतरक्रियेचा डावा कण कोणत्या जाळीवर ठेवावा, हे दोन्ही प्रश्न आज उघडे आहेत; आणि या सभागृहात मागच्या रांगांत जी तरुण मंडळी बसलेली मला दिसत आहेत, त्यांच्यापैकी ज्यांना गणिताची आवड असेल त्यांनी दुसऱ्यापासून आरंभ करावा असे मी सुचवीन, कारण त्याला पेन्सिल व कागद यांखेरीज काही लागत नाही, आणि त्यातील बेरजा शून्य येतात हे निसर्गाने आधीच सांगून ठेवले आहे.